चिकित्सेचा तिसरा पाय

घरांत कोणास विषमज्वर झाला म्हणजे आपल्या कुटुंबांतून कशी धांदल उडते, हें प्रत्येक वाचकाच्या परिचयाचें आहे. एक जण ताप पाहून कागदावर मांडतो, दुसरा डॉक्टरांकडे धांवतो, घरांतील बायका पेज करून आणतात. शेजारीपाजारी विचारपूस करण्यास येतात आणि आजाऱ्याची आई त्यांस सारी हकीकत सविस्तर सांगते. परंतु त्याच घरांतील सोळा वर्षांच्या मुलीचें मन आजारी झालें, तिला झोंप येईनाशी झाली, अन्न गोड लागेनासें झालें आणि 'मी नसतें तर बरें झालें असतें' असे शब्द तिच्या तोंडून निघाले, तर तेंच घर दार लावून घेतें. मुलगी रुग्णालयांत असली तर 'मामाकडे गेली आहे' असें सांगण्यांत येतें. आणि ती परत आली म्हणजे तिच्या औषधाची पुडी कपाटांत कपड्यांच्या मागें जाते. आज आम्ही लिहिणार आहों तें या पुडीविषयीं.

विषय अप्रिय आहे आणि हें मासिक घरांतील लहानथोर सर्वच वाचतात, हें आम्ही जाणतों. तरी तो टाळून चालण्याजोगा राहिलेला नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ या एका सालीं आपल्या देशांत १,७०,९२४ माणसें आत्महत्येनें गेलीं व त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आंकड्यांवरून पाहतां, पंधरा ते एकोणतीस या वयांतील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. ज्यांनीं जन्मभर वर्गांत हजेरी घेतली त्यांस हे आंकडे नुसते आंकडे वाटत नाहींत. प्रत्येकाच्या जागीं एक बांक रिकामें दिसतें.

यांतील आणखी एक गोष्ट फारशा पालकांस ठाऊक नसते. मुलास रुग्णालयांत ठेवलें म्हणजे धोक्याचे दिवस तेथें सरले आणि घरीं आणलें म्हणजे संकट टळलें, अशी आपली सरळ समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. मनोरुग्णालयांतून घरीं गेलेल्या रुग्णांविषयींच्या जगभरांतील शंभर अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत आत्महत्येचें प्रमाण एकंदरींत लाखामागें वर्षास ४८४ आढळलें; परंतु घरीं गेल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांपुरतें पाहिलें तर तें त्याच हिशेबानें १,१३२ निघालें. हे आंकडे सर्व वयांच्या रुग्णांचे आहेत. पण कुमारवयांतील मुलांविषयींहि, घरीं परतल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जपण्याचे, असेंच वैद्य सांगतात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत गोळ्या चुकूं लागतात.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. आमचे धाकटे बंधु व आम्ही एकाच घरांत राहतों. त्यांची नात अकरावींत असतां तिला नैराश्याचा आजार जडला व तीन आठवडे रुग्णालयांत ठेवावें लागलें. ती घरीं आली तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं रोज रात्रीं घेण्याची गोळी लिहून दिली होती व ती पुष्कळ महिने चालावयाची होती. पहिल्या आठवड्यांत मुलगी दुपारींहि पेंगे, घरांतील बायका म्हणत, "पोरीच्या तोंडावरचा तजेलाच गेला." आम्हीं तेव्हां वडीलकीच्या नात्यानें तिला जवळ बसवून सांगितलें, "बाळ, गोळ्यांच्या आधारावर किती दिवस काढणार? पहाटे उठत जा, सूर्यनमस्कार घाल, मनाचा निग्रह कर. निग्रहापुढें सारें नमतें." मुलगी आज्ञाधारक, "बरं आजोबा," म्हणून उठून गेली. सात आठवड्यांनीं तिला पुन्हां रुग्णालयांत न्यावें लागलें. वेळीं लक्षांत आलें ही ईश्वराची कृपा. त्या रात्रीं तिच्या आईस कंपासपेटींत, कोनमापकाच्या खालीं, वहीच्या कागदांत गुंडाळलेल्या एकोणीस गोळ्या सांपडल्या.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरीणबाईंनीं कोणास दोष दिला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "हिला गोळी नकोशी झाली आहे, हें आपल्यापैकीं कोणाला माहीत होतें?" सगळे एकमेकांकडे पाहूं लागले. आम्ही खालीं मान घालून उभे होतों. कारण आम्हांस माहीत होतें, आणि ती नकोशी करण्यास आम्हींच हातभार लाविला होता.

पुढें काही दिवस मन स्वस्थ नव्हतें. तेव्हां संस्कृताच्या व्यासंगांत पूर्वीं वाचलेला एक भाग आम्हीं पुन्हां काढून वाचला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. चारांपैकीं प्रत्येकाचे पुन्हां चार गुण. रोग्याचे गुण असे : स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व, म्हणजे लक्षांत ठेवणें, सांगितल्याप्रमाणें वागणें, न भिणें, आणि आपल्याला काय होतें तें सांगतां येणें. शिकत असतांना हा भाग आम्हीं परीक्षेपुरता वाचला होता. या वेळीं त्यांतील एकेक गुण घेऊन मुलीकडे पाहिलें, आणि आजचे डॉक्टर काय म्हणतात तें त्याच्याशीं ताडून पाहिलें.

पहिला गुण स्मृति. नैराश्य हा असा रोग आहे कीं तो ह्याच गुणावर प्रथम घाला घालतो. लक्ष लागत नाहीं, सांगितलेलें राहत नाहीं, दिवस आणि रात्र यांचा क्रम मोडतो. अशा मुलास 'तुझी गोळी तूं लक्षांत ठेव' म्हणणें म्हणजे पाय मोडलेल्यास धांवत जाऊन औषध आण म्हणण्यासारखें आहे. यास उपाय साधे आहेत. घरांत जें काम रोज न चुकतां होतें, मग तें रात्रीचें जेवण असो वा दांत घासणें असो, त्यास गोळी बांधून द्यावी. सात दिवसांचे सात कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानांत मिळते. तिच्याकडे पाहतांच आजची गोळी गेली कीं राहिली तें कळतें व 'घेतलीस का?' म्हणून दहादां विचारावें लागत नाहीं.

दुसरा गुण निर्देशकारित्व. येथें आम्हां शिक्षकांस आधीं शिक्षा आठवते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं एक मोठा अहवाल काढला. त्यांत असें आहे कीं, दीर्घकाळच्या आजारांत औषध नीट घेणारांचें प्रमाण सुधारलेल्या देशांतहि सरासरी निम्मेंच भरतें. मधुमेहाचे, रक्तदाबाचे, चांगले शिकलेसवरलेले प्रौढ गृहस्थ जेथें निम्मे चुकतात, तेथें सोळा वर्षांच्या मुलीस एकटीलाच हट्टी कां म्हणावें? पूर्वीं डॉक्टर मंडळी याला आज्ञापालन अशा अर्थाचा शब्द वापरीत. आतां 'धरून राहणें' अशा अर्थाचा शब्द वापरतात. रोग्यानें समजून उमजून धरावें, आणि धरवत नसल्यास तसें सांगावें, हा त्यांतला भाव आहे.

मुलें गोळी कां सोडतात, याचीं कारणें ऐकून घेतलीं तर त्यांत मूर्खपणा फारसा आढळत नाहीं. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात; मळमळ, पेंग किंवा अस्वस्थता मात्र पहिल्या दोन चार दिवसांतच दिसते. म्हणजे आधीं त्रास आणि मग गुण. कांहीं औषधांनीं वजन वाढतें, कांहींनीं तोंडास कोरड पडते, कांहींनीं हात कांपतो. ज्या वयांत मुलगी दिवसांतून दहा वेळां आरशांत पाहते त्या वयांत हें लहान दुःख नव्हे. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे बरें वाटूं लागतें. 'बरें वाटणें' आणि 'बरें होणें' या दोहोंत अंतर आहे, हें मलेरियाचें औषध पुरें करणारास जसें कळतें तसें मनाच्या आजारांत कळत नाहीं. बरें वाटूं लागल्यावरहि साधारणपणें सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवण्यास डॉक्टर सांगतात, तें यासाठींच. औषध एकाएकीं बंद केलें तर चक्कर, चिडचिड, निद्रानाश असा त्रास होतो. तो पाहून 'संवय लागली' असें घरचे म्हणतात. पण ती व्यसनाची खूण नव्हे. शरीरास हळूहळू सोडवावें लागतें, एवढाच त्याचा अर्थ. आणि तें सोडविण्याचें काम डॉक्टरांचें आहे, आजोबांचें नव्हे.

तिसरा गुण अभीरुत्व. भय दोन्हींकडे आहे व त्यास आधारहि आहे, म्हणून तें दडवून न ठेवतां सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २००४ सालीं नैराश्यावरील औषधांच्या वेष्टनावर मुलांच्या बाबतींत ठळक चौकटींत इशारा छापावयास लाविला. चोवीस परीक्षणांतील ४,४०० हून अधिक मुलांची माहिती तपासतां, खरें औषध घेणारांत आत्महत्येचे विचार अथवा तशी वर्तणूक शेंकडा ४ जणांत, तर खोटी गोळी घेणारांत शेंकडा २ जणांत आढळली. मात्र त्या परीक्षणांत एकाहि मुलाचा आत्महत्येनें मृत्यु झाला नव्हता. २००७ सालीं हा इशारा चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू करण्यांत आला. आतां दुसरी बाजू पहा. त्याच २००४ सालीं बारा ते सतरा वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांचें एक नांवाजलेलें परीक्षण प्रसिद्ध झालें. बारा आठवड्यांनीं, खोटी गोळी घेणारांपैकीं शेंकडा ३५ जणांस चांगला गुण आला होता, केवळ समुपदेशनानें शेंकडा ४३ जणांस, केवळ फ्लुओक्सेटिन या औषधानें शेंकडा ६१ जणांस, आणि औषध व समुपदेशन दोन्ही मिळून शेंकडा ७१ जणांस.

या दोहोंतून शहाण्या माणसानें काय घ्यावें? औषध टाकून द्यावें असें नव्हे, आणि गोळी दिली म्हणजे आपण सुटलों असेंहि नव्हे. आरंभींचे आठवडे व मात्रा बदलल्यानंतरचे दिवस मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पहावें. तें एकाएकीं बेचैन झालें, येरझाऱ्या घालूं लागलें, झोंप पार उडाली, किंवा मरणाची भाषा बोलूं लागलें, तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. भय असावें तें इतकें. त्याहून अधिक नको आणि कमीहि नको.

चौथा गुण ज्ञापकत्व, म्हणजे आपल्यास काय होतें तें सांगणें. चरकानें हा रोग्याचा गुण म्हटला आहे खरा. परंतु ऐकणारा नसेल तर सांगणारानें काय करावें? आमच्या नातीनें पुढें एकदां सांगितलें, "आजोबा, गोळीनं मला जड वाटायचं. पण तुम्हीच म्हणालात ना, मनाचा निग्रह कर. मग मला वाटलं, गोळी घेणं म्हणजे हरणं." डॉक्टरांस सांगावें तर ते रागावतील, आईस सांगावें तर ती रडेल, आणि आजोबांस सांगावें तर ते निग्रहाचा पाठ देतील. राहतां राहिली ती कंपासपेटी.

कित्येक पालकांस वाटतें कीं, 'तुझ्या मनांत जीव द्यावासा विचार येतो का?' असें सरळ विचारलें तर नसलेला विचार मनांत भरेल. या शंकेचीहि परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यांतील सहा विद्यालयांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग करून २००५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. असा प्रश्न विचारल्यानें विद्यार्थ्यांचा त्रास वा तसले विचार वाढले नाहींत. उलट आधींच खिन्न असलेल्या मुलांस विचारल्यानें कांहींसें हलकें वाटलें असावें, असें दिसून आलें. म्हणून विचारावें, शांतपणें, एकांतांत, आणि उत्तर कांहींहि आलें तरी न दचकतां विचारावें.

रोग्याचे चार गुण असे एकेक करून पाहिले आणि आमच्या लक्षांत आलें कीं, या आजारांत चारहि गुण रोगच हिरावून नेतो. मग चिकित्सा उभी राहावी कोणत्या पायावर? वैद्य महिन्यांतून एकदां भेटतो. औषध आपण होऊन तोंडांत जात नाहीं. उरतो तो तिसरा पाय, उपस्थाता. आणि आपल्या समाजांत उपस्थाता म्हणजे घर. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णांच्या आप्तांस आवारांत तंबू देऊन रुग्णांबरोबर राहूं दिलें. आप्त आजार समजून घेऊन मगच रुग्णास घरीं नेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंहि हेंच धोरण ठेविलें आहे. अठरा वर्षांखालील मुलास दाखल केलें तर त्यास प्रौढ रुग्णांपासून वेगळें ठेवावें व पालकानें किंवा त्याच्या वतीनें कोणी तरी सबंध काळ त्याजजवळ राहावें, असें त्यांत सांगितलें आहे. घरीं पाठवितांना पुढील उपचारांविषयीं कुटुंबीयांशीं विचारविनिमय करावा, असेंहि आहे. तेव्हां कागदावर सही करून घाईनें न निघतां प्रत्येक औषधाचें नांव, वेळ, अपेक्षित त्रास, चुकल्यास काय करावें आणि पुढची भेट केव्हां, हें सारें लिहून घेण्याचा आपला हक्क आहे.

पोलिसांच्या भीतीनेंहि पुष्कळ घरें गप्प राहतात. त्यांनीं हें जाणावें कीं, त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमानें असा प्रयत्न करणारास गंभीर मानसिक ताणाखालीं असलेला मानून शिक्षेपासून दूर ठेविलें. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत केवळ अशा प्रयत्नाबद्दल शिक्षा सांगणारें जुनें कलम उरलेलेंच नाहीं.

उपस्थात्याचेहि चरकानें चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. उपचारज्ञता म्हणजे वर सांगितलेली माहिती. दाक्ष्य म्हणजे व्यवहारांतील सावधपणा. न घेतलेली गोळी नाहींशी होत नाहीं, ती घरांतच कोठें तरी सांठते. म्हणून औषध चुकणें हा दुहेरी धोका आहे. मुलाचें औषध एका वडील माणसाच्या ताब्यांत कुलुपांत असावें, एका वेळीं थोडेंच आणावें, गोळी समोर द्यावी, आठवड्यास मोजदाद करावी. आपल्या एकत्र घरांत आजीआजोबांच्या औषधांचे डबे उघड्या फळीवर असतात. तेहि आंत ठेवावे. हें मुलावर अविश्वास दाखवून नव्हे, तर 'तुझा आजार बरा होईपर्यंत हें काम आमचें' असें सांगून करावें.

अनुरागाचें एक उदाहरण आम्हांस फार आवडलें. सॅन फ्रान्सिस्को येथील जेरोम मोटो नांवाच्या मनोवैद्यानें, रुग्णालयांतून घरीं जाऊन पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटास पांच वर्षांत मिळून चोवीस पत्रें पाठविलीं. पत्रांत उपदेश नव्हता कीं मागणी नव्हती. तुमची आठवण आहे, कळवावेंसें वाटलें तर आम्हांस आनंद होईल, एवढेंच दोन ओळींत असे. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हां दिसलें कीं, पहिल्या दोन वर्षांत पत्रें मिळालेल्या गटांत आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या होत्या. ज्या घरांतील मुलगी मामाकडे गेल्याचें सांगतात, तिला कोणाचें पत्र यावें?

शौच म्हणजे स्वच्छता. आम्ही येथें वाणीचें शौचहि धरितों. 'नाटकें करते', 'आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें', 'लग्नाच्या वेळीं काय सांगणार?' हीं वाक्यें घरांतून निघून गेलीं पाहिजेत. आमच्या वेळींहि होतें. वर्गांतील जीं मुलें अचानक शाळेंत येईनाशीं झालीं त्यांची चौकशी आम्हीं किती केली, हा प्रश्न निवृत्तीनंतर आम्हांस वरचेवर पडतो.

ज्यांच्या घरीं आज अशी चिंता आहे आणि कोणास विचारावें तें कळत नाहीं, त्यांनीं १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती विनामूल्य व अहोरात्र चालते आणि तेथें मराठींतूनहि बोलतां येतें. मूल प्रत्यक्ष धोक्यांत दिसत असेल तर त्यास एकटें न सोडतां जवळच्या रुग्णालयांत न्यावें.

आमच्या नातीचें औषध डॉक्टरीणबाईंनीं दुसऱ्या खेपेस बदलून दिलें; पेंग पुष्कळ कमी झाली. आतां ती बारावीची परीक्षा देऊन पुढें शिकत आहे. मधून मधून वाईट दिवस येतात, पण ते ती सांगते. रात्रीचें जेवण झालें कीं तिची आई कुलूप उघडून दोन गोळ्या काढते. एक नातीची आणि एक आमच्या रक्तदाबाची, जी आम्ही नऊ वर्षें घेत आहों व जी सोडून मनोनिग्रह करा असें आम्हांस अद्याप कोणीं सांगितलें नाहीं. दोघेंहि एकाच तांब्यांतील पाणी घेतों. परवां आम्ही वाचनाच्या नादांत तसेच उठलों, तर ती मागून म्हणाली, "आजोबा, तुमची राहिली."